सतरा डॉलरचं अंथरूण, एक कोटीची रेल्वे

२५८ डॉलर. आमदारकीच्या पहिल्या अधिवेशनाबद्दल अब्राहम लिंकनच्या हातात पडलेली ही एकूण रक्कम. अधिवेशन १ डिसेंबर १८३४ ला सुरू झालं आणि १३ फेब्रुवारी १८३५ ला संपलं, म्हणजे दिवस भरले ७५. रोजाचे ३ डॉलर धरून २२५ झाले. उरलेले ३३ प्रवासभत्त्याचे. दर वीस मैलांना ३ डॉलर या दरानं न्यू सेलम ते राजधानी व्हँडालिया, जाऊन-येऊन २२० मैलांचे. बेरीज चोख जुळते.

या अधिवेशनाला जाण्याआधी पंचवीस वर्षांच्या या नव्या आमदारानं कोलमन स्मूट नावाच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून २०० डॉलर उसने घेतले आणि त्यातल्या ६० डॉलरचा सूट शिवून घेतला. अंगावर धड कपडा नसताना राजधानीत कसं जाणार? सूट झाला, पण देणी होतीच. न्यू सेलममध्ये भागीदारीत चालवलेलं किराणा दुकान बुडालं होतं. भागीदार विल्यम बेरी जानेवारी १८३५ मध्ये, म्हणजे लिंकन तिकडे सभागृहात बसलेला असतानाच, वारला आणि दोघांचं मिळून सुमारे ११०० डॉलरचं देणं एकट्याच्या डोक्यावर आलं. लिंकन थट्टेनं त्याला आपलं ‘राष्ट्रीय कर्ज’ म्हणायचा. घेणेकऱ्यांनी कोर्टाकरवी त्याची जमीनमोजणीची हत्यारं लिलावात काढली, तेव्हा जेम्स शॉर्ट या स्नेह्यानं १२० डॉलर मोजून ती सोडवली आणि त्याला परत आणून दिली. नाहीतर आमदारसाहेबांचा जोडधंदाही गेला होता.

एवढे लहान आकडे मुद्दाम सांगितले, कारण याच माणसानं पुढच्या दोन वर्षांत ज्या खर्चाला हात वर केला, तो होता १,०२,५०,००० डॉलर.

इलिनॉय तेव्हा अमेरिकेची सरहद्द होती. राज्याचा आकार ५७,९१४ चौरस मैल, पण माणसं कुठे होती? १८२० च्या जनगणनेत ५५,२११. १८३० मध्ये १,५७,४४५. १८४० मध्ये ४,७६,१८३. दर दहा वर्षांनी तिप्पट! वाढीचा हा वेग ज्यांनी डोळ्यांनी पाहिला, त्यांना कुठलाच आकडा मोठा वाटेनासा झाला, आणि तिथेच घात झाला. शिकागोला १८३७ मध्ये शहराचा दर्जा मिळाला तेव्हा त्याची वस्ती होती ४,१७०. आपल्याकडे एवढ्या वस्तीला ग्रामपंचायत असते. पण तिथले भूखंड असे विकले जात होते, जणू उद्या सकाळी तिथे न्यूयॉर्क उभं राहणार आहे.

व्हँडालियाची वस्ती हजाराच्याही आत. विधानभवन म्हणजे विटांची दुमजली इमारत, पण भिंती फुगलेल्या, फरशी खचलेली, आणि भाषण ऐन रंगात आलं की वरून गिलाव्याचे पोपडे पडायचे. खालच्या सभागृहात ५५ प्रतिनिधी, त्यांतले ३६ पहिल्यांदाच निवडून आलेले. तीन-तीन जणांत एक टेबल. पिण्याच्या पाण्याला एक बादली आणि तीन टिनचे पेले. इथल्या कामांचं माप किती लहान होतं ते लिंकनच्याच एका विधेयकावरून कळतं. सॅम्युएल म्युझिक नावाच्या गृहस्थाला सॉल्ट क्रीक या ओढ्यावर टोल घेऊन पूल बांधायची परवानगी द्यावी, एवढंच ते विधेयक होतं. ते मंजूर झालं. राज्याचं विधिमंडळ आणि तालुका पंचायत यांत फरक करायचा तो कसा, असा प्रश्न पडावा.

लिंकन तिथे पोचला तोही दुसऱ्या खेपेला. १८३२ मध्ये पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा तेरा उमेदवारांत आठवा आला होता, मात्र न्यू सेलमच्या मतदान केंद्रावर ३०० पैकी २७७ मतं त्याची होती. गावाचा पक्का, जिल्ह्याला अनोळखी. त्या निवडणुकीसाठी त्यानं मतदारांना उद्देशून एक जाहीर निवेदन काढलं होतं. इलिनॉय नदीपासून जॅक्सनव्हिलमार्गे स्प्रिंगफील्डपर्यंत रेल्वे आणावी अशी चर्चा तेव्हा चालू होती आणि तिचा अंदाजे खर्च होता २,९०,००० डॉलर. तेवीस वर्षांचा लिंकन त्यात म्हणतो की रेल्वे उत्तम, पण तिच्या खर्चाचा आकडा ऐकूनच काळजात धस्स होतं, त्यापेक्षा आपली सँगमन नदी खोल करून घेणं आपल्या ऐपतीतलं आहे. अत्यंत समंजस विचार. हा रेल्वेमार्ग आणि हा आकडा लक्षात असू द्या. त्याच्याशी आपली पुन्हा गाठ पडणार आहे.

१८३४ मध्ये तो निवडून आला, तेरा जणांत दुसरा. १८३६ मध्ये सतरा उमेदवारांत सर्वाधिक मतांनी आला. आता प्रतिनिधिगृह ९१ जणांचं झालं होतं आणि लिंकनच्या सँगमन जिल्ह्याला सात प्रतिनिधी व दोन सिनेटर अशा नऊ जागा मिळाल्या होत्या. हे नऊही जण ताडमाड. नवांची उंची मिळून ५४ फूट भरते असं लोक सांगत, आणि ‘लांब नऊ’ असंच त्यांचं नाव पडलं. त्यांतला सगळ्यांत लांब अर्थातच सहा फूट चार इंचांचा लिंकन. याच सभागृहात विरुद्ध पक्षाच्या बाकावर तेवीस वर्षांचा एक बुटका, तडफदार वकील होता, स्टीफन डग्लस. चोवीस वर्षांनी हे दोघे राष्ट्राध्यक्षपदासाठी एकमेकांविरुद्ध उभे राहिले. १८३७ मध्ये मात्र रेल्वेच्या बाबतीत दोघांचं एकमत होतं, आणि तेच राज्याला महागात पडलं.

या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एक उदाहरण होतं, न्यूयॉर्क राज्याचा एरी कालवा. ३६३ मैल लांब, सुमारे ७० लाख डॉलर खर्चून १८२५ मध्ये पुरा झाला आणि जकातीच्या उत्पन्नातून त्यानं आपला खर्च वसूल करून दाखवला. तो बांधून घेणारा राज्यपाल डविट क्लिंटन हा लिंकनचा आदर्श. आपल्याला इलिनॉयचा डविट क्लिंटन व्हायचंय, असं त्यानं पुढे जोशुआ स्पीड या मित्राला सांगितलं.

२७ फेब्रुवारी १८३७ रोजी सार्वजनिक सुधारणांचा कायदा झाला. राज्यपाल जोसेफ डंकन आणि न्यायाधीशांसह बसणारं पुनर्विचार मंडळ यांनी तो नापसंत करून परत पाठवला होता, पण सभागृहांनी तो पुन्हा मंजूर केला. त्यातल्या रकमा बघा. राज्याच्या दक्षिण टोकावरच्या कैरोपासून उत्तरेकडे जाणाऱ्या मध्य रेल्वेला ३५ लाख डॉलर. पाच नद्या सुधारायला मिळून ४ लाख. टपालाच्या रस्त्याला अडीच लाख. पूर्वेकडे, पश्चिमेकडे, आडव्या, तिरक्या अशा रेल्वे, त्यांना फाटे, फाट्यांना फाटे. आणि इतकं करूनही ज्या जिल्ह्यांच्या वाट्याला रेल्वे, नदी, रस्ता काहीच आलं नाही, त्यांनी कुरकुर करू नये म्हणून २ लाख डॉलर रोख! कायद्यातलं हे कलम मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतं. बाकीच्या कलमांत विकासाची भाषा आहे, इथे सरळ तोंड बंद करण्याचा दर लिहिलाय.

मंजूर झालेल्या रेल्वेमार्गांची लांबी सुमारे १,३०० मैल होती. त्या वर्षी अख्ख्या अमेरिकेत मिळून सुमारे १,५०० मैल रेल्वे धावत होती. म्हणजे साऱ्या देशानं जेवढी बांधली होती जवळजवळ तेवढी, रेल्वेचं एकही इंजिन न पाहिलेल्या एका राज्यानं एका कायद्यात मंजूर केली. राज्याची लोकसंख्या तेव्हा पावणेतीन लाखांच्या आसपास धरा. तान्ही मुलं आणि म्हातारी माणसं धरून दरडोई खर्च ३७ डॉलर पडतो. रेल्वेच्या प्रत्येक मैलामागे माणसं येतात दोनशे दहा. सरकारी जमिनीचा भाव होता एकरी सव्वा डॉलर, तेव्हा एवढ्या पैशात ८२ लाख एकर जमीन आली असती, राज्याच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त. आणि लिंकनच्या पहिल्या अधिवेशनाच्या दरानं, रोज तीन डॉलर मिळवणाऱ्या एका आमदाराला ही रक्कम मिळवायला ९,३६० वर्षं रोज, रविवारसुद्धा न सोडता, सभागृहात बसावं लागलं असतं.

पैसा अर्थातच कर्जाचा. सहा टक्के व्याजानं ८० लाखांचे रोखे विकायचे ठरले. ते सगळे विकले गेले तर वर्षाचं नुसतं व्याज ४ लाख ८० हजार. ते कुठून देणार? जमीन विकली जातेय, वस्ती वाढतेय, कर वाढेल, अशी आशा. पण केंद्राकडून विकत घेतलेल्या जमिनीवर पहिली पाच वर्षं राज्याला कर लावताच येत नव्हता. म्हणजे वस्तीचा लोंढा आज आणि त्याचा कर पाच वर्षांनी, व्याज मात्र पहिल्याच वर्षापासून. त्यात कुठल्याही भागाला दुसऱ्याच्या आधी रेल्वे मिळू नये म्हणून कायद्यातच घातलं होतं की सगळ्या मार्गांचं काम एकाच वेळी, दोन्ही टोकांकडून आणि नद्यांच्या काठांवरून दोन्ही दिशांना सुरू व्हावं. परिणामी राज्यभर तुकडे पडले आणि एकही तुकडा दुसऱ्याला भिडला नाही.

दुसऱ्याच दिवशी, २८ फेब्रुवारीला, राजधानी कुठे न्यायची यावर मतदान झालं. चौथ्या फेरीत लांब नऊंच्या स्प्रिंगफील्डला ७३ मतं पडली. ‘तुम्ही आमच्या राजधानीला मत द्या, आम्ही तुमच्या रेल्वेला देतो’ असा घोडेबाजार लिंकननं केला, ही कथा तेव्हापासून चालत आलीय. स्वतः इलिनॉयचा आमदार राहिलेला आणि पुढे अमेरिकेचा सिनेटर झालेला पॉल सायमन यानं १९६५ मध्ये लिंकनच्या आमदारकीवर पुस्तक लिहिलं आणि मतदानाच्या नोंदी तपासून हा आरोप टिकत नसल्याचं मत दिलं. मला ते पटतं, पण त्यानं लिंकनची सुटका होत नाही. सौदा न करताच, मनापासून पटून त्यानं एक कोटीला हात वर केला असेल, तर तो जास्तच दोषी ठरतो.

त्याच अधिवेशनात एक छोटा आकडाही आहे. गुलामगिरी रद्द करा म्हणणाऱ्यांचा निषेध करणारा ठराव जानेवारीत ७७ विरुद्ध ६ मतांनी मंजूर झाला. सहांत लिंकन होता. ३ मार्चला त्यानं गुलामगिरी अन्याय्य असल्याचं नमूद करणारा निषेध सभागृहाच्या कामकाजात नोंदवला. त्याखाली सह्या फक्त दोन, डॅन स्टोन आणि ए. लिंकन. कोटीच्या कायद्यापेक्षा या दोन सह्यांचं वजन जास्त ठरलं, हे आपल्याला आज कळतं.

अधिवेशन संपलं आणि १५ एप्रिल १८३७ रोजी लिंकन नव्या राजधानीत राहायला आला. घोडा उसना, खिशात सातेक डॉलर. स्पीडच्या दुकानात जाऊन त्यानं एका माणसाच्या अंथरूण-पांघरुणाचा भाव विचारला. गादी, चादरी, उशी मिळून १७ डॉलर झाले. तेवढे त्याच्याकडे नव्हते. नाताळपर्यंत उधार देता का, म्हणून त्यानं पडल्या चेहऱ्यानं विचारलं. स्पीडला दया आली, तो म्हणाला, वर माझ्या खोलीत दुहेरी पलंग आहे, चल तिथेच राहा. लिंकन खोगिराच्या पिशव्या घेऊन वर गेला, त्या जमिनीवर टाकल्या आणि खाली येऊन म्हणाला, झालो राहायला. एक कोटी अडीच लाख मंजूर करून तेव्हा सत्तेचाळीस दिवस झाले होते. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. या गड्याकडे अंथरूणच नव्हतं, तेव्हा पाय कितीही पसरायला मोकळे.

पंचवीस दिवसांनी, १० मे रोजी, न्यूयॉर्कच्या बँकांनी नोटांच्या बदल्यात सोनं-चांदी देणं थांबवलं. देशभर मंदी पसरली. इलिनॉयचे रोखे घ्यायला गिऱ्हाईक मिळेना. काही रोखे उधारीवर खपवले, तर घेणाऱ्या पेढ्याच बुडाल्या. त्यांत लंडनची एक होती. शहाण्या माणसानं इथे हात आखडता घेतला असता. लिंकननं १८३९ च्या जानेवारीत वित्त समितीच्या वतीनं उलट आणखी मोठी योजना मांडली. राज्यातली न विकली गेलेली सगळी सरकारी जमीन, अंदाजे दोन कोटी एकर, इलिनॉयनं केंद्राकडून एकरी २५ सेंटनं घ्यावी आणि सव्वा डॉलरनं विकावी. खर्च ५० लाख, वसुली अडीच कोटी, निव्वळ नफा दोन कोटी. कागदावर तोड नाही. फक्त आधीचं देणं भागवायला पैसे नसलेल्या राज्याला हे ५० लाख कोण देणार, एवढाच प्रश्न होता. योजना कागदावरच राहिली.

५ डिसेंबर १८४० चा प्रसंग तर नाटकात शोभावा. नवं विधानभवन अपुरं असल्यामुळे सभागृह स्प्रिंगफील्डच्या एका चर्चमध्ये भरत होतं. अधिवेशन त्या दिवशी संपलं तर राज्य बँकेला नोटांवर चांदी मोजून द्यावी लागणार होती आणि बँक बसणार होती. म्हणून लिंकनच्या व्हिग पक्षाचे सदस्य गैरहजर राहिले. गणपूर्तीच होऊ द्यायची नाही, असा बेत. लक्ष ठेवायला लिंकन आणि दोघे-तिघे आत थांबले. डेमोक्रॅटांनी आजारी सदस्यांनाही उठवून आणलं आणि संख्या भरली. दारावर पहारा. तेव्हा लिंकननं खिडकी उघडली आणि बाहेर उडी मारली, मागोमाग जोसेफ गिलेस्पी. उपयोग शून्य, कारण हजेरी आधीच मोजून झाली होती. विरोधी वर्तमानपत्रानं लिहिलं की लिंकनला काही इजा झाली नाही, त्याचे पाय खिडकीतूनच जमिनीला टेकत असतील; आता विधानभवनाला तिसरा मजला चढवावा. या उडीचा विषय निघाला की लिंकन पुढेही वरमायचा.

आता त्या रेल्वेमार्गाकडे येऊ. १,३०० मैलांपैकी राज्यानं पुरा केला तो एकच तुकडा, इलिनॉय नदीवरच्या मेरेडोसियापासून जॅक्सनव्हिलमार्गे स्प्रिंगफील्डपर्यंतचा. म्हणजे १८३२ मध्ये ज्याचा २,९०,००० चा अंदाज ऐकून तरुण लिंकन दचकला होता, तोच. लांबी साठ मैलांच्या आत. नोव्हेंबर १८३८ मध्ये ‘रॉजर्स’ नावाचं इंजिन त्यावर पहिल्यांदा धावलं, १८४२ मध्ये गाडी स्प्रिंगफील्डला पोचली. खर्च झाला जवळजवळ दहा लाख डॉलर. उत्पन्नातून चालवण्याचाही खर्च निघेना. इंजिन मोडल्यावर ते दुरुस्त करण्याऐवजी डबे ओढायला खेचरं जुंपली. १८४७ मध्ये राज्यानं तो मार्ग विकून टाकला, किंमत आली २१,१०० डॉलर. रुपयातले दोन पैसे फक्त परत आले.

लिंकन १८४२ मध्ये, चार मुदतींनंतर, विधिमंडळातून बाहेर पडला. तोवर राज्यावर सुमारे दीड कोटी डॉलरचं कर्ज होतं, दरडोई ३० डॉलरांहून जास्त. व्याज देणं बंद पडलं होतं आणि शंभर डॉलरचा रोखा बाजारात पंधरा डॉलरच्या आसपास मिळत होता. त्या वर्षी राज्यपाल झालेला थॉमस फोर्ड लिहून गेलाय की पत्रांचा टपालखर्च द्यायलाही खजिन्यात पैसा नव्हता. कर्ज नाकारून हात वर करा, म्हणणारे पुष्कळ होते. फोर्डनं ते होऊ दिलं नाही, आणि इलिनॉयच्या या साऱ्या कथेत खरा मोठा माणूस मला तोच वाटतो. लिंकननंही आपलं ‘राष्ट्रीय कर्ज’ फेडत फेडत १८४८ च्या सुमारास संपवलं.

मतदारांनी राग काढला तो १८४८ च्या नव्या राज्यघटनेत. प्रासंगिक तुटीसाठी राज्याला ५०,००० डॉलरपलीकडे कर्ज घ्यायला बंदी. प्रतिनिधी फक्त ७५. आणि भत्ता पहिले ४२ दिवस रोज २ डॉलर, त्यानंतर १ डॉलर. बोला किती बोलायचं ते!

आणि एवढं होऊनही आमदारांचं स्वप्न खोटं नव्हतं, फक्त वीस वर्षं आधी पडलेलं होतं. १८५० मध्ये इलिनॉयमध्ये १११ मैल रेल्वे होती, १८६० मध्ये २,७९० मैल, मंजूर केलेल्याच्या दुपटीहून जास्त. ज्या मध्य रेल्वेला ३५ लाख मंजूर झाले होते ती इलिनॉय सेंट्रल या खासगी कंपनीनं केंद्राकडून मिळालेल्या सुमारे २६ लाख एकर जमिनीच्या जोरावर बांधली, ७०५ मैल, १८५६ मध्ये पुरी. तिला करमाफी होती. बदल्यात ढोबळ उत्पन्नाचे सात टक्के राज्याला द्यायचे. मॅक्लीन जिल्ह्यानं या कंपनीवर कर बसवला तेव्हा तिची बाजू मांडून जिंकणारा वकील लिंकनच होता. फी ५,००० डॉलर, तीही दावा लावून वसूल करावी लागली.

ते सात टक्के राज्यानं लावले जुन्या कर्जाच्या फेडीला. विधिमंडळाला जी रेल्वे बांधता आली नाही तिच्याच उत्पन्नाचा हातभार लागून ते कर्ज १८८० च्या दशकात एकदाचं फिटलं.